भडंगाची माशी

शिवाजी पेठेतल्या उदयसिंहाला व्हिडिओ बघून मासे धरायला गळावर पिसाच्या नकली माशा बांधायचं खूळ लागलं होतं. कोंबड्याच्या पिसाचे बारीक तंतू गळावर गुंडाळायचे, म्हणजे पाण्यातल्या माशाला तो किडा वाटतो. पण तळ्यातले मासे तिकडं ढुंकूनही बघेनात. एखाद्यानं चुकून तोंड लावलं, तर पहिल्याच दाताला सगळे वेढे सुटायचे.

"इथल्या माशांना भडंगाची सवय हाय," तालमीतला जोडीदार गणपतराव कठड्यावर बसून भडंग खात म्हणाला. "तुझा परदेशी किडा कोण खातंय? त्यात बांधणी ही असली."

उदयसिंहाच्या ते जिव्हारी लागलं. घरी जाऊन त्यानं पांढरं पीस हळदीत पिवळं केलं, तंतूंना पीळ देऊन ते गळावर गच्च गुंडाळले आणि वरून उलट्या दिशेनं तांब्याची बारीक तार वेढली. हुबेहूब भडंगातला चुरमुरा.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर दोरीचा गुंता सोडवताना त्यानं ती माशी क्षणभर गणपतरावाच्या भडंगाच्या कागदावर ठेवली. गणपतराव कालच्या फुटबॉल मॅचवर तावातावानं बोलत, न बघताच बकाणे भरत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओठातून गळ काढून ट्रेमध्ये ठेवला. उदयसिंह मान खाली घालून उभा होता. गणपतरावानं सुजलेला ओठ सांभाळत वाकून माशी निरखली. एकही वेढा सुटला नव्हता.

"बांधणी जमली की झ्याक," तो म्हणाला. "तिखट तेवढं कमी पडलंय."