माहेरचा डोंगर
मेहुण्यानं गल्लीच्या मधोमध खुर्च्या मांडल्या होत्या. तोंडं डोंगराकडे.

चार महिने खोकत होता डोंगर. आज सकाळी धूर एकदम बंद. गल्लीला कोण आनंद! डोंगरावर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीची बाई मात्र भोंग्यातून ओरडून गेली, की दुपारच्या आत पूल ओलांडा. कुणी हललं नाही. कारण कुकर दुरुस्त करणाऱ्याचा हा मेहुणा म्हणाला होता, बसा निवांत. लाव्हा डोळ्यांनी पाहिलेला गल्लीत तो एकटाच, त्याची ताई सोडली तर. आणि गल्लीतली एकुलती एक बसही त्याचीच.

त्याच्या गावचा डोंगर पसरट, उपडी परात जशी. तिथं लाव्हा नुसता ओघळत यायचा. लोक खुर्च्या टाकून बघायचे, जवळ आला की खुर्ची उचलून मागं सरकायचे. म्हातारं माणूस चालतं तसा येतो, घाई कसली, असं तो रंगवून सांगत होता. ताई, म्हणजे कुकरवाल्याची बायको, मान डोलवत होती. माहेरचं तिला सगळंच गुणी, डोंगरसुद्धा.

कुकरवाला दुकानाच्या पायरीवर बसून एका झाकणात तार घालत होता. शिट्टीच्या भोकात लगदा वाळून गच्च बसलेला. तार आत जाईना. त्यानं मान वर करून डोंगराकडे बघितलं. उंच, टोकदार, भिंतीसारखा उभा. त्याचा हात थांबला.

"तुमच्या डोंगराचा रस पातळ ना रे?"

"पाण्यागत, दाजी."

"म्हणून तो डोंगर पसरला. हा बघ कसा उभा चढलाय. याचा रस चिकट आहे, सांडला तिथंच थिजलाय." त्यानं झाकण मेहुण्याच्या हातात दिलं. "आता भोकातही थिजला असेल. धूर संपला नाही बाबा, आत अडकलाय. गाडी काढ."

मेहुणा हसायला गेला. मग त्यानं त्या बुजलेल्या भोकाला डोळा लावला. पलीकडचं काही दिसेना. झाकण टाकून तो बसकडे पळत सुटला आणि हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही.

मग काय विचारता! म्हातारी खाटेसकट उचलली. ताई कुलूप लावत बसली, तिला नवऱ्यानं कडेवर घेतल्यासारखं उचलून बसमध्ये ढकललं. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला बस पूल ओलांडून पलीकडची टेकडी चढली, तेव्हा मागं टोक उडालं. काळा-करडा लोट उतारावरून खाली झेपावला. हे म्हातारं घोड्यावर बसून आलं होतं. बघता बघता गल्ली दिसेनाशी झाली, खुर्च्यांसकट.

टेकडीवर तिन्ही फेऱ्यांची माणसं मोजली. सगळी होती. मेहुणा बसमधून उतरून कुकरवाल्यापाशी आला.

"दाजी, तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

"नव्हती रे," कुकरवाला म्हणाला. "पण गॅसवरच्या कुकरची शिट्टी बंद पडली, तर मी खात्री करायला कधी वाकून बघत नाही."