कागदाच्या मधोमध

“तुमचा रस्ता तळ्यातून निघतो आणि डोंगराला जाऊन आपटतो,” सुतार म्हणाला. “मधे माझं परसदार तुडवायचं, एवढंच त्याला काम दिसतंय.”

सुनावणीच्या खोलीतले लोक हसले. नगररचनेचे साहेब हसले नाहीत. सकाळपासून त्यांनी चाळीस हरकती ऐकल्या होत्या आणि चाळीस जणांना एकच उत्तर दिलं होतं. शहर वाढतंय, पुढच्या वीस वर्षांचा विचार करावा लागतो. जणू समोरच्याला उद्याच्या पलीकडचं काही दिसतच नाही! सुताराला हे उत्तर पाठ होतं. मागच्या आराखड्याच्या वेळी त्याने ते ऐकलं, तेव्हा त्याचे केस काळे होते.

घरामागची मोकळी जागा त्याच्या मालकीची, पण तिथे वीट ठेवायची सोय नव्हती. आराखड्यातला रस्ता तिथून जात होता. वीस वर्षांत त्या रस्त्याचा एक दगड पडला नाही. सुताराने दोन खोल्यांसाठी अकरा अर्ज केले आणि अकराही वेळा कागद तोच शिक्का बसून परत आला, ‘रस्त्याने बाधित’. शेजारच्या तिघांनी अर्जबिर्ज काही न करता सरळ स्लॅब टाकले. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा तोही म्हणाला, आपणही टाकू, कोण विचारतंय. सुतार भडकला. चोरीच्या भिंतीआड माझी सून नांदणार नाही, म्हणाला. मुलगाही त्याचाच. तो बायकोला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकांत शब्द नव्हता. सात वर्षांच्या नातीने आजोबांचं घर अजून आतून पाहिलं नव्हतं. या खेपेला परवानगी मिळाली की आपण होऊन जायचं आणि सगळ्यांना घेऊन यायचं, असं सुताराने मनाशी ठरवलं होतं.

“मूळ नकाशा काढा,” साहेब कारकुनाला म्हणाले. “काकांची एकदाची खात्री पटू दे.”

कारकुनाने कपाटाच्या तळातून नकाशा ओढून काढला. पन्नास वर्षांपूर्वीचा, मधोमध दुमडलेला. टेबलावर उलगडला तेव्हा दोघांना शिंका आल्या. सुतार वाकला. नकाशावर गल्ल्या होत्या, तळं होतं, त्याच्या वडिलांचं घर होतं. रस्ता कुठेच नव्हता. त्याच्या जागी एक काळपट रेघ होती. सुताराचा जन्म लाकडावरच्या रेघा बघण्यात गेला होता. मारलेली रेघ कुठली आणि पडलेली चीर कुठली, हे त्याच्या हाताला कळायचं. त्याने रेघेवरून बोट फिरवलं. मग खिशातून टेप काढला.

“वरच्या कडेपासून अठरा इंच,” तो म्हणाला. “खालच्या कडेपासून अठरा इंच. साहेब, ही घडी आहे.”

सुताराने नकाशा दुमडला आणि पुन्हा उलगडून दाखवला.

“घडीवर धूळ बसली, ती तुमच्या माणसाला शाई वाटली. त्यानं गिरवली. तपासणाऱ्यानं तपासली. वरच्यानं सही ठोकली. एकालाही खिडकीबाहेर डोकावून बघावंसं वाटलं नाही?” त्याचा आवाज चढला. “कागदाच्या घडीपायी माझं घर मोडलंत तुम्ही!”

साहेबांनी भिंग मागवलं. बराच वेळ पाहिलं. साहेब खोटे नव्हते, त्यांनी कबूल केलं.

“चूक आहे आमची. हरकत मान्य. रस्ता रद्द.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनानेही वाजवल्या. सुताराला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“म्हणजे आता बांधायची परवानगी?”

साहेब नव्या आराखड्यावर वाकले होते. त्यांनी पेन्सिल उचलली.

“नाही काका, थांबा जरा. बाजारात गाड्या लावायला जागा उरलेली नाही. पुढच्या वीस वर्षांत तर विचारूच नका. रस्ता रद्द झालाय, तर तुमची जागा वाहनतळाला बरी पडेल.” त्यांनी बोलता बोलता एक चौकोन काढला.

“माझीच का? शेजारी तिघं आहेत की.”

“त्यांची घरं उभी आहेत ना. पाडायला गेलं की कोर्टकचेरी. रस्ता गेल्यामुळे ती सुटलीच, आता नियमित करून टाकू.” साहेबांचा आवाज मऊ झाला. त्यांना खरंच कौतुक करायचं होतं. “तुम्ही नियमानं वागलात, म्हणून तर एवढी मोकळी जागा शहराला मिळाली.”

सुताराचं डोकं तडकलं. वीस वर्षांच्या शिव्या घशाशी आल्या. टेबल उलथून टाकावं, तो नकाशा फाडून साहेबांच्या हातात द्यावा, असं त्याला वाटलं. त्याने टेप गुंडाळून खिशात टाकला.

“हे सगळं मंजूर व्हायला किती दिवस लागतील?”

“सरकारी काम. सहा महिने तरी धरा.”

“पुष्कळ झाले.”

तो बाहेर आला आणि जिन्यावरच थांबला. मुलाचा नंबर त्याने कधी लावला नव्हता, पण तो त्याला तोंडपाठ होता. फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. आज सुनावणी आहे हे मुलाला त्याच्या आईने कळवलं असणार.



“बाबा? मिळाली का परवानगी?”

“नाही मिळाली,” सुतार म्हणाला. “गवंडी घेऊन ये.”