लखोट्यातला आकडा

देवस्थळी सरांनी हेमांगीचा लखोटा फोडला. आत पंच्याण्णव डॉलर लिहिले होते. बाजारात तेल एकाहत्तरला होतं.

"अकरा महिन्यांत पहिल्यांदा चुकलीस," ते म्हणाले.

हेमांगीची सहकारी शाल्मली हिचा तेलाच्या भावाचा अंदाज एक तारखेला जगभर जाहीर होई. तो ऐकून देश तेलविहिरी उघडत किंवा बंद करत, त्यामुळे तो कधीच खरा ठरत नसे. हेमांगीचा महिनाभर लखोट्यात बंद राही आणि नेमका निघे. मुलाखती मात्र शाल्मलीच्या होत.

"मॉडेलमध्ये काही बदललंस?"

"एक घटक काढला, सर."

शाल्मलीने वाकून पडद्यावरची यादी वाचली. "अगं, माझा आकडाच घातला नाहीस! तो ऐकून जग काय करेल, यावरच तर तुझं सगळं गणित."

"तुझ्यावाचून जमतं का, ते पाहिलं."

सर निघून गेले. शाल्मली हळूच म्हणाली, "मला एकदा तरी खरं ठरायचंय गं. जागा बदलूया? तुझा आकडा जाहीर, माझा लखोट्यात."

हेमांगी 'हो' म्हणणारच होती. पण मग खरा ठरणारा लखोटा शाल्मलीचा होईल, हे मनात आलं आणि तिने तो घटक यादीत परत घातला.