पाहुण्यांची जागा

शिझुए वडिलांना, तोकुजींना, डोंगरातल्या गरम झऱ्यावरच्या लहानशा सराईत घेऊन आली, ती दोन दिवस तरी त्यांना बरं वाटावं म्हणून. तोकुजींनी स्वतः चाळीस वर्षं अशीच सराई चालवली होती. आता त्यांना लेकीचं नावही आठवत नसे.

मालकीण मिनेको चहा घेऊन खोलीत आली, तशी तोकुजी लगबगीने उठून दाराशी गुडघे टेकून बसले आणि कमरेत वाकून म्हणाले, "या, या. लांबून आलात, दमला असाल. आधी चहा घ्या."

शिझुएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिनेकोने मात्र चहाचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं आणि ती पाहुण्यांच्या जागेवर जाऊन बसली. त्यांनी ओतलेला चहा ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

बाहेर आल्यावर शिझुए पुटपुटली, "माफ करा हो काकू. बाबांना हल्ली काही कळत नाही."

"असं कसं म्हणतेस?" मिनेको डोळे टिपत म्हणाली. "सव्वीस वर्षं मी येईल त्याला 'दमला असाल' म्हणतेय. मला म्हणणारं आज पहिल्यांदा कुणी भेटलं."