हरभऱ्यांचा प्रयोग

विज्ञानाच्या बाईंनी चौथीच्या वर्गात सोमवारी हरभरे भिजत घातले आणि मंगळवारी फडक्यात बांधून ठेवले. बुधवारी मोड दाखवायला फडकं सोडलं, तर आत एक दाणा नाही! वर्ग कसा शहाण्यासारखा चिडीचूप.

"उंदीर असेल, बाई," पहिल्या बाकावरची टिकली म्हणाली. तिच्या हनुवटीला हरभऱ्याचं साल चिकटलं होतं.

रिकाम्या पोटी येणारी ही पोरं दुसऱ्या तासालाच माना टाकतात, हे बाईंना ठाऊक होतं. आज मात्र सगळ्या माना ताठ होत्या.

"मग प्रयोग फसला," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "पुन्हा करावा लागेल."

तेव्हापासून प्रयोग दर आठवड्याला न चुकता फसू लागला.

एक दिवस तपासणीला साहेब आले. त्यांनी वह्या चाळल्या. प्रत्येक वहीत, प्रत्येक पानावर एकच निष्कर्ष होता : 'उंदराने खाल्ले. प्रयोग पुन्हा करावा लागेल.'

"पंधरा आठवडे एकच धडा, बाई?"

बाई घाईघाईने वह्या गोळा करू लागल्या. साहेबांनी धडा बंद केला, की पोरांचे बुधवार पुन्हा उपाशी.

साहेबांनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं. "उंदीर आहेत तरी किती?"

टिकली तडक उभी राहिली. "एकतीस, साहेब! आज एक आजारी आहे."

साहेब हसले नाहीत. त्यांनी शेऱ्याची वही ओढली, सावकाश लिहिलं आणि सही ठोकून निघून गेले.

बाईंनी भीत भीत वही उघडली.

'प्रयोग उत्तम. हरभरे दुप्पट घ्यावेत, आणि रोज करावा.'