पैलवान ठसा

मुद्रकाने मुलाच्या फोटोखाली ‘घरी ये’ ही ओळ पैलवान ठशात जुळवली, शाई फिरवली आणि पहिला कागद काढून बायकोपुढे धरला.

“हे काय?” ती म्हणाली. “बोलावताय की दम देताय?”

पैलवान हे त्या लाकडी ठशाचं छापखान्यातलं नाव. अंगाने जाडजूड, आणि प्रत्येक दांडीखाली वीट ठेवावी तसा चौकोनी पाय. सर्कस, सेल, प्रचारसभा, ‘आत येण्यास सक्त मनाई’, अशी सगळी आरडाओरड त्याच्याच जिवावर चालायची. रस्त्यापलीकडचा माणूसही वाचल्याशिवाय पुढे जात नसे. पण गोड बोलणं काही त्याला जमायचं नाही. एकदा एका हट्टी वरबापाने लग्नपत्रिका त्यात छापून घेतली, तर पाहुणे विचारू लागले, ही पत्रिका की समन्स?

“अगं, भिंतीवर लावायचंय. बारीक अक्षर कोण वाचणार?”

“तुमच्या ओरडण्यानेच गेला ना सोन्या? आता भिंतीभिंतीवरून ओरडा.”

एक काम बिघडलं म्हणून मुद्रकाने पोराला गिऱ्हाइकांदेखत ‘चालता हो’ म्हटलं होतं. पोरगा खरंच चालता झाला. तेव्हापासून त्याचा ठावठिकाणा नव्हता, आणि दार वाजलं की मुद्रक हातातलं काम टाकून बघायला जायचा.

त्याने ओळ मोडली. ‘आम्ही रागावलो नाही’ अशी जुळवली. कागद निघाला तेव्हा त्यालाच धाक वाटला. तीही मोडली. मग ‘आई वाट पाहते’.

“माझ्या आडून बोलू नका,” बायको म्हणाली.

तो परत ठशांच्या कप्प्यांकडे वळला. एकेक अक्षर उचलून उलट्या बाजूने लावू लागला. हात सराईत होता, तरी एक अक्षर दोनदा खाली पडलं. जन्मात हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते. उद्या चौकाचौकात लागणार होते, गिऱ्हाइकं वाचणार होती, भाऊबंद वाचणार होते. वाचोत.

कागद त्याने स्वतः पाहिलाच नाही. तसाच तिच्या हातात दिला.

ती दारातल्या उजेडात गेली. फोटोखाली ‘माझं चुकलं’, आणि त्याखाली ‘बाबा’. दोन्ही पैलवानातच.

“हे असंच राहू द्या,” ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं. “हेच त्या दिवशी हळूच म्हणाला असतात, तरी तो उंबऱ्यापर्यंतसुद्धा गेला नसता हो.”

मुद्रकाने मान हलवली आणि पुढचा कागद यंत्राला लावला.