इस्त्री केलेली वाक्यं

निवेदक रेडिओवरून निवृत्त झाले, तेव्हा एका कंपनीने बोलणारं यंत्र घडवायला त्यांचा आणि त्यांच्यासारख्याच स्वच्छ वाणीच्या मंडळींचा आवाज नेला. आभारादाखल एक यंत्र घरी आलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर बसलं.

त्यांच्या बायकोचं बोलणं शेवटपर्यंत माहेरच्या वळणाचं राहिलं. तिने दिवा लावायला सांगितलं, की यंत्र अदबीने म्हणे, “माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगाल का?” मग निवेदक तेच वाक्य इस्त्री करून म्हणत आणि दिवा लागे.

“तुमच्यावरच गेलंय मेलं,” ती म्हणायची. “माझं कसं ऐकेल?”

ती वारल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी, रिकाम्या स्वयंपाकघरातून आवाज आला, “माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगाल का?”

मग ते रोजचंच झालं.

“बाबा, बिघडलंय ते. काढून टाका,” मुलगी फोनवर म्हणाली.

“अगं, पण ती काय मागतेय ते तरी कळू दे.”



निवेदक दुपारी फळीखाली खुर्ची टाकून बसू लागले. ती म्हणेल ते नीट करून सांगायचं, एवढंच काम उरलं होतं. पण त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

काल यंत्राने नवंच विचारलं, “माफ करा, समजलं नाही. घरात दुसरं कोणी आहे का?”

“आहे!” निवेदक धडपडत उठले. “मी आहे ना. मी सांगतो.”

यंत्र क्षणभर थांबलं.

“समजलं, बाई,” ते म्हणालं. “म्हणजे घरात तुम्ही एकट्याच.”